डब्यातलं करडं पाखरू आणि त्याची पाच नावं

आज आम्ही सोबत एक काचेची डबी आणली आहे आणि ती पहिल्या रांगेपासून फिरवायला दिली आहे. डबी ज्यांच्या हातात पोचली त्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न दिसतोय, की हे दाखवायला आणलंत का? हो, हेच. जे हे व्याख्यान नंतर वाचतील किंवा ऐकतील त्यांच्यासाठी सांगतो. डबीत टाचणीला लावलेले चार पतंग आहेत. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत दीड ते सव्वादोन सेंटिमीटर. रंग करडा, थोडा तपकिरीकडे झुकणारा. ठिपका नाही, पट्टा नाही, चमक नाही. पुढच्या पंखावरच्या शिरा किंचित गडद दिसतात, त्याही उजेड नीट पडला तर. हा पतंग फुलपाखरांच्या पुस्तकात कधी मुखपृष्ठावर येणार नाही.

पण तुमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं तो पाहिलाय. उन्हाळ्यात भरून ठेवलेले तांदूळ श्रावणात काढायला जावं तर दाणे सुटे येत नाहीत, गठ्ठ्यानं वर येतात. त्यांना जाळी धरलेली असते. जाळी तोडली की आत मळकट पांढरी अळी वळवळते, आणि झाकणाखालून एक पाखरू निसटून ट्यूबलाइटकडे जातं. घरात यावर फार बोलणं होत नाही. “तांदळाला पाखरं झाली” एवढं म्हणून तांदूळ उन्हात पडतात. सोंड्याला सोंडा म्हणतात, पोरकिड्याला पोरकिडा म्हणतात, याला मात्र नुसतं पाखरू. कृषीच्या पुस्तकांत याला ‘तांदळावरील पतंग’ म्हणतात, आणि शास्त्रीय नाव आहे कॉरसायरा सेफॅलोनिका. आज आपण या नावाची गोष्ट बघणार आहोत, कारण नाव मिळण्याच्या भानगडीत हा प्राणी जितका अडकला तितका तो आमच्या मते डब्यातसुद्धा अडकत नाही.

आधी एक खुलासा. आम्ही ‘जाती’ म्हणू तेव्हा एक नेमका प्रकार समजायचा, आणि ‘प्रजाती’ म्हणू तेव्हा जवळच्या जातींचा गट. मराठी विश्वकोशाची हीच पद्धत आहे. वर्तमानपत्रं सर्रास उलटं लिहितात, त्यामुळे गोंधळ होतो. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आडनाव आधी आणि नाव नंतर, शाळेच्या हजेरीपटासारखं.

तर जातीचं नाव सेफॅलोनिका. यात तांदूळ नाही, भारत नाही, आशियाही नाही. केफालोनिया हे ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रातलं बेट. तिथं बिनबियांची बारीक काळी द्राक्षं पिकत, ती वाळवून तयार झालेल्या मनुका जहाजांनी इंग्लंडला जात. इंग्रजांच्या पुडिंगात आणि केकमध्ये त्या लागतच. हे बेट १८६४ पर्यंत ब्रिटिशांच्या छत्राखाली होतं, मग ग्रीसला जोडलं गेलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १८६६ मध्ये, हेन्री टिबॅट्स स्टेन्टन या इंग्रज कीटकतज्ज्ञानं या पतंगाचं वर्णन छापलं, आणि मनुकांच्या मालाचा पत्ताच त्याला नाव म्हणून दिला. म्हणजे आपण ज्याला तांदळाचं पाखरू म्हणतो त्याची शास्त्रात पहिली नोंद मनुकांमुळे झाली.

स्टेन्टन हा माणूस समजून घेण्यासारखा आहे. मोठमोठी रंगीत फुलपाखरं गोळा करणारे त्या काळी पुष्कळ होते. याला आवड बारक्या, कोणी ढुंकून न पाहणाऱ्या पतंगांची. त्यांच्या अळ्या काय खातात, पानात बोगदा करतात की बी पोखरतात, हे तो वर्षानुवर्षं टिपत राहिला आणि त्यातून ‘नॅचरल हिस्टरी ऑफ द टिनाइना’ नावाचे तेरा खंड झाले. १८६४ मध्ये सुरू झालेल्या ‘एंटोमॉलॉजिस्ट्स मंथली मॅगझिन’च्या पहिल्या संपादकांपैकी तो एक. आमचा पतंग त्याच मासिकात छापून आला. आम्हाला तर वाटतं, दुसऱ्या कोणाच्या हाती हे पाखरू लागलं असतं तर त्यानं ते झटकून टाकलं असतं.

आता ‘वर्णन छापलं’ म्हणजे नेमकं काय झालं? एखादी जात शास्त्राला माहीत झाली असं म्हणायला दोन गोष्टी लागतात. एक, तिचं नाव आणि तिला ओळखण्याच्या खुणा छापून जगासमोर ठेवणं. दुसरी, ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो नमुना जपून ठेवणं. या नमुन्याला टाइप म्हणतात. नाव कायमचं त्या टाचणीवरच्या नमुन्याला बांधलेलं असतं. वर्णनात चूक असली, रंग चुकीचा लिहिला, मोजमाप चुकलं, तरी नाव त्या नमुन्याचंच राहतं. सातबाऱ्यावर जमिनीचं वर्णन कसंही लिहिलेलं असो, वाद झाला की मोजणी प्रत्यक्ष जमिनीवर होते, तसं. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तर १९९९ नंतर छापलेल्या कुठल्याही नव्या जातीसाठी टाइप नेमल्याशिवाय नावच ग्राह्य धरत नाहीत. स्टेन्टनच्या काळात इतकी शिस्त नव्हती. चार-सहा ओळींचं वर्णन, पंखांचा रंग, लांबी, कुठं सापडला, झालं.

स्टेन्टननं याला मेलिसोब्लॅप्टेस या प्रजातीत टाकलं होतं. ग्रीकमध्ये मेलिसा म्हणजे मधमाशी आणि ब्लॅप्टो म्हणजे इजा करणं. मधमाश्यांच्या पोळ्यात मेण खाणारे जे पतंग असतात, त्यांच्या नात्यातलं हे पाखरू आहे, हे त्यानं बरोबर ओळखलं. आजही आपण त्याला मेणपतंगांच्याच उपकुलात ठेवतो. मग १८८५ मध्ये एमिल रागोनो या फ्रेंच तज्ज्ञानं त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली आणि तिला नाव दिलं कॉरसायरा. कॉरसायरा म्हणजे कॉर्फू, आयोनियन समुद्रातलंच आणखी एक बेट. आता एका पाखराच्या नावात दोन बेटं! तांदळाच्या डब्याचा पत्ता यात शोधून सापडणार नाही.

पुस्तकात या नावापुढे कंसात ‘स्टेन्टन, १८६६’ असं लिहिलेलं दिसेल. तो कंस शोभेचा नाही. मूळ लेखकानं ही जात वेगळ्या प्रजातीत ठेवली होती, नंतर ती हलवली, एवढं तो कंस सांगतो. कंस नसेल तर जात जिथं ठेवली तिथंच आजवर आहे. इतकी मोठी हकिगत दोन अर्धगोलांत मावते, याचं आम्हाला अजून कौतुक वाटतं.

इथवर सगळं सरळ होतं. गंमत पुढे आहे. १८७२ मध्ये मान या तज्ज्ञानं एका ‘नव्या’ पतंगाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं इकोनोमेलस, म्हणजे साधारण घरगृहस्थीतला. १९०१ मध्ये जॉर्ज हॅम्पसननं ट्रान्सलिनिएला नावाची जात सांगितली. हा हॅम्पसन नवखा नव्हता. निलगिरीत चहाच्या मळ्यावर राहून त्यानं पतंग गोळा केले होते आणि ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले पतंगांचे चार खंड त्याचेच. १९१३ मध्ये अमेरिकेत हॅरिसन डायरनं थिओब्रोमी या नावानं एक जात जाहीर केली. थिओब्रोमा म्हणजे कोकोचं झाड. आणि १९६५ मध्ये लेग्रां या फ्रेंच अभ्यासकानं लिनिएटा नावाची आणखी एक. ही पाचही नावं आपल्या डबीतल्या याच करड्या पाखराची आहेत. पहिल्या आणि शेवटच्या नावात नव्याण्णव वर्षांचं अंतर. त्यात लेग्रांनं तर ते भलत्याच प्रजातीत, मेणपतंगांच्या उपकुलाबाहेर नेऊन ठेवलं होतं.

हे सगळे लोक चुकले म्हणून हसायचं कारण नाही. त्यांच्या जागी आपण उभे राहून बघू. तुम्ही वॉशिंग्टनमध्ये बसला आहात. कोकोच्या मालातून निघालेलं एक करडं पाखरू तुमच्या टेबलावर येतं. डायरनं त्याला टिनिऑप्सिस या प्रजातीत घातलं, म्हणजे टिनियासारखं दिसणारं, लोकरीच्या कपड्यांना लागणाऱ्या कसरपतंगांसारखं. दिसतंही तसंच. ग्रीक मनुकांवरच्या मेणपतंगांच्या नातेवाइकाशी ते ताडून बघावं हे तुमच्या मनात का यावं? खाद्य वेगळं, खंड वेगळा, नमुने समुद्रापलीकडच्या कपाटात. हे पाखरू उष्ण प्रदेशात सगळीकडे आहे आणि माणसाच्या मालाबरोबर हिंडतं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, शेंगदाणे, कोको, सुका मेवा, काहीही चालतं. ज्या बंदरात उतरलं तिथं ते नवं वाटलं. रंगीत, ठळक खुणांच्या पतंगाचं असं सहसा होत नाही, कारण चित्र एकदा पाहिलं की लक्षात राहतं. करड्याचं चित्र काय लक्षात ठेवणार?

नियम असा आहे की एकाच जातीला अनेक नावं पडली तर सर्वात जुनं नाव चालतं. मोजणी सुरू होते १७५८ पासून, लिनीअसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीपासून. म्हणून १८६६ चं सेफॅलोनिका जिंकलं आणि बाकीची चार त्याची समानार्थी नावं झाली. नाव योग्य आहे की नाही, हा प्रश्नच येत नाही. कोकोचं नाव जास्त शोभतं की बेटाचं, हे कोणी विचारत नाही. पुष्कळ जणांना हा नियम अन्यायाचा वाटतो. आम्हाला तो फार शहाणपणाचा वाटतो, कारण ‘शोभणारं नाव’ ठरवायला बसलो असतो तर अजून वाद मिटला नसता.

मग दोन करडी पाखरं एकच आहेत हे कळतं कसं? रंगावर जाऊन चालत नाही. पतंगाच्या पंखावरचा रंग म्हणजे बारीक खवले, बोटाला लागते ती पूड. पाखरू डब्यात चार दिवस फडफडलं की खवले झडतात आणि मूळचं करडं आणखी फिकं होतं. म्हणून आधी पंखांतल्या शिरांची रचना बघतात. आणि शेवटचा निवाडा होतो तो प्रजननांगांवर. पतंगाचं पोट काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करतात. मऊ भाग विरघळतो, कठीण सांगाडा उरतो. तो धुऊन, रंगवून काचपट्टीवर पसरला की सूक्ष्मदर्शकाखाली चिमटे, आकडे, पट्ट्या असे आकार दिसतात. जातीजातीत हे आकार वेगळे आणि एकाच जातीत बहुतेक सारखे. बाहेरून सगळे करडे, आत मात्र प्रत्येकाची किल्ली निराळी. ज्याला हा प्रकार किळसवाणा वाटत असेल त्यानं एकदा तरी ही काचपट्टी बघावी.

इथं आमची स्वतःची फजिती सांगायला हवी. आम्ही शिकत होतो तेव्हा एका डब्यातल्या ज्वारीतून निघालेली पाखरं आम्ही भिंगाखाली लावली. काहींच्या डोक्यापुढे चोचीसारखं लांब, टोकदार काहीतरी निघालेलं, काहींचं तोंड आखूड आणि बोथट. चोचवाले आकारानंही थोडे मोठे. आम्ही मोठ्या ऐटीत दोन ढीग केले, दोन लेबलं लिहिली आणि एकाच डब्यात दोन जाती सापडल्या म्हणून आमच्या शिक्षकांना दाखवायला नेलं. त्यांनी एकच विचारलं, “या चोचवाल्यांत नर किती आहेत?” एकही नव्हता. ती चोच म्हणजे पाल्प, तोंडाच्या दोन्ही बाजूंचे केसाळ स्पर्शक. मादीचे लांब आणि पुढे आलेले, नराचे आखूड. आम्ही नवरा-बायकोंना वेगवेगळ्या जातींत टाकलं होतं. छापून नेलं असतं तर सहावं, सातवं नाव आमच्या नावावर लागलं असतं. तुमच्या हातातल्या डबीत डावीकडे दोन माद्या आहेत, उजवीकडे दोन नर. भिंग लावून बघा.

जाता जाता, हे पाखरू इतकं बेरंगी का? त्याचा सगळा व्यवहार अंधारातला. नर जोडीदाराला बोलावतो तो गंध सोडून, आणि त्याच्या जोडीला आपल्या कानांना ऐकू न येणारा उंच पट्टीचा आवाज काढून. माणसाला करडं आणि मुकं वाटणारं हे पाखरू रात्री तुमच्या कोठीघरात चांगलंच बोलत असतं. फक्त ते ओळखपत्र आपल्याला वाचता येत नाही, म्हणून आपल्याला काचपट्टीपर्यंत जावं लागतं.

आता तुमच्यापैकी काहीजण मनात म्हणत असतील की नाव पाच असोत नाहीतर पन्नास, तांदूळ उन्हात घातले की काम झालं. ऊस लावणारे इथं कोणी आहेत का? बघा, सात-आठ हात वर आले. ट्रायकोकार्ड वापरलंय? मग हे पाखरू तुमच्या शेतात येऊन गेलं आहे. ट्रायकोकार्डवर जे बारीक दाणे चिकटवलेले असतात ती कॉरसायराची अंडी. कार्ड बनवणाऱ्या प्रयोगशाळांत हा पतंग मुद्दाम पाळतात. ट्रेमध्ये भरडलेली ज्वारी किंवा बाजरी, त्यात थोडी शेंगदाण्याची भरड, यीस्ट, गंधक, आणि वर अंडी पेरायची. दीड महिन्याच्या आसपास पाखरं निघू लागतात. ती गोळा करणारी माणसं तोंडाला फडकं किंवा मास्क बांधतात, कारण हवेत उडणारे खवले छातीत जाऊन दम्यासारखा त्रास होतो. मग अंडी चाळून स्वच्छ करतात, अतिनील दिव्याखाली ठेवतात म्हणजे त्यातून अळी निघत नाही, आणि डिंकानं कार्डावर चिकटवतात. एक घनसेंटिमीटर मापात सुमारे १६ ते १८ हजार अंडी बसतात. या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या नात्यातली, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची माशी आपली अंडी घालते. तीन-चार दिवसांत दाणे काळे पडले की समजायचं, काम झालं. ते कार्ड उसाच्या पानाखाली टाचलं की माश्या बाहेर पडून खोडकिड्याची अंडी शोधतात.

म्हणजे घरात ज्याला आपण झटकतो त्याच्यावर हा कारखाना उभा आहे. आणि ओळख चुकली की काय होतं ते इथंच दिसतं. भारतातल्या ट्रायकोग्रामाला बरीच वर्षं परदेशी जातींची नावं लावली जात होती, कधी मिनुटम, कधी इव्हानेसेन्स, कधी ऑस्ट्रॅलिकम. माशी इतकी लहान की बाहेरून फरक करणं अवघड. बंगळूरमध्ये सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की नराच्या प्रजननांगांची काचपट्टी केली तर जाती स्वच्छ वेगळ्या होतात. पतंगांना लावलेलीच किल्ली माशीलाही लागली. आपल्याकडे उसावर सोडतात ती माशी चिलोनिस, इशी यांनी १९४१ मध्ये वर्णन केलेली, हे यातूनच पुढे पक्कं झालं. चुकीचं नाव लावलं की त्या नावाखाली जगात लिहिलेलं सगळं भलत्या प्राण्याला लागू होतं. किती तापमान सोसतो, कोणत्या किडीची अंडी पसंत करतो, एकरी किती सोडायचे. शेतकऱ्याच्या हातात कार्ड तेच, पण सल्ला दुसऱ्याच माशीचा. पतंगाच्या बाबतीतही तसंच. थिओब्रोमी म्हणून शोधलंत तर फक्त कोकोतली माहिती मिळणार, तांदळातली नाही.

प्रश्न आलाय की आमच्या डब्यातलं पाखरू हेच कशावरून? चांगला प्रश्न. घरातले सगळे पतंग कॉरसायरा नसतात. पंखाचा पुढचा भाग फिकट आणि मागचा तांब्याच्या रंगाचा असेल तर तो प्लोडिया. फारच लहान, गवती रंगाचा, पंखांना मागे लांब झालर असेल आणि दाण्याला गोल भोक पडलेलं असेल तर तो सिटोट्रोगा. त्याची अळी दाण्याच्या आत राहते आणि जाळी करत नाही. दाणे जाळीनं घट्ट बांधले गेले असतील आणि पाखरू नुसतं करडं असेल, तर बहुधा आजचंच. खात्री करायची असेल तर पाखरू चिरडू नका. बाटलीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी भिंगाखाली तोंडापुढची चोच बघा. मग कागदाच्या पुडीत ठेवून वर तारीख, गाव, आणि कोणत्या धान्यातून निघालं ते पेन्सिलीनं लिहा. शाईनं नको, ती फुटते. पुढच्या वेळी येताना घेऊन या. आम्ही सूक्ष्मदर्शक आणणार आहोत. आणि ती फिरवायला दिलेली डबी तेवढी शेवटच्या रांगेतून परत पाठवा.